तात्पुरता पेला

लोडेवाइक, दिवा जरा जवळ घे.
ही तुझ्या पणजोबांची वही. डोर्नक्लूफच्या देवळाचे
ते राखणदार. मेणबत्त्या, घंटेचा दोर, वटवाघळांचा उपद्रव,
सगळं पेनी-पेनीनं मांडून ठेवलंय.
हे पान वाच. मोठ्यानं.
'पेला, कथलाचा, एक. तीन शिलिंग. तात्पुरता.'

मी तेव्हा नऊ वर्षांची होते.
शनिवारी चांदीचा पेला राखेनं घासायचं काम माझं.
एकच होता तो. प्रभुभोजनाला सगळे त्यातूनच प्यायचे,
शेतमालक, त्यांच्या बायका, मेंढपाळ,
आणि कात्रेन विटबोई, जिनं मला न्हाऊमाखू घातलं,
जिच्याइतकी स्तोत्रं डोमिनींनाही पाठ नव्हती.

त्या ईस्टरला नव्यानं आलेल्या लोउरेन्सबाईंनी
कात्रेननंतर आलेला पेला हातात धरला.
थांबल्या.
रुमालानं काठ पुसला, मग प्यायल्या.
एवढंच झालं.
बाहेर गाड्यांचे बैल रवंथ करत होते.

डोमिनी भले होते. हे विसरू नकोस, भले होते.
म्हणाले, शास्त्राला धरून नाही हे,
पण काहींची श्रद्धा अजून कोवळी आहे,
कोवळ्या रोपाला आडोसा लागतो.
पुढच्या सणापर्यंत.
वडीलमंडळानं माना डोलावल्या.
कात्रेनही 'चालेल' म्हणाली, असं सांगतात.
मी तिला विचारलं नाही.

दुसरा पेला आला.
पेल्यामागून दुसरं बाक,
बाकामागून दुसरी वेळ, उन्हं कलल्यावरची,
मग कोरड्या नदीपलीकडे पत्र्याचं देऊळ.
त्याची वर्गणी आम्हीच काढली, हौसेनं,
उद्घाटनाला केक नेले.
बोट दिलं की मनगट धरतात म्हणे. नाही रे,
मनगट धरलेलं कळतं तरी.
हे नुसतं अंगवळणी पडलं.

माझं लग्न झालं त्या वर्षी नवे डोमिनी
व्यासपीठावरून म्हणाले,
देवानंच मुळात वेगळं वेगळं नेमून दिलंय.
वचनं दाखवली. मी पानं उलटून पाहिली,
वचनं होती तिथं.
रोपाचं झाड झालं होतं,
आडोसा कुणी काढलाच नव्हता,
आणि आता आम्ही त्याला देवाचा हात म्हणत होतो.

खोट्यावर मतदान कधी झालंच नाही, लोडेवाइक.
झालं ते सोयीवर.
दर वेळी वीतभर सोय.

आणि एक गोष्ट वहीत नाही.
कथलाचा पेला मी पहिल्यांदा घासला,
तो कुठे ठेवायचा, कुणी सांगितलं नव्हतं.
चांदीच्या शेजारी जागा होती, चांगली हातभर.
मी तो खालच्या फळीवर ठेवला,
चुन्याच्या बादलीजवळ.
कुणी सांगितलं नव्हतं.

परवा तू सेमिनरीतून आलास,
ताटातलं मटण निवडत म्हणालास,
'हे पहिल्यापासून असंच आहे ना, आजी?'
तुझ्या आवाजात वाईटपणा नव्हता.
म्हणून तर रात्रभर झोप नाही.

पहिल्यापासून नाही. बघ, तारीख आहे.
किंमतही आहे.
शेवटच्या शब्दाची शाई विटलीय,
वही तिरकी धर, दिसेल.
उद्या तू झगा घालून उभा राहशील,
कुणीतरी भला माणूस रुमाल काढेल,
दुसरा भला माणूस म्हणेल, सध्यापुरतं.
तेव्हा विचार, कुठल्या तारखेपर्यंत?
आणि तारीख लिहून घे.

आता माझी काठी दे.
नदीपलीकडे जाऊ. कात्रेन गेली, तिची नात आहे.
तिला काय सांगायचं ते अजून मला सुचत नाही.
वाटेत बघू.